आई, आत्ता आजी बोलली

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की माझे वडील गेल्यावर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ठाणे स्टेशनचा पूल चढताना मी मनातल्या मनात पायऱ्या मोजते, ते मोजायचे तशाच, आणि मी कधीपासून मोजतेय याचा मला पत्ताच नव्हता. त्या एका ओळीवर इतक्या जणांनी लिहिलंय की या वेळी दुसरा कुठला विषय घेणं शक्यच नाही. नावं नेहमीप्रमाणे काढलीयेत, पत्रं थोडी छोटी केलीयेत, शब्द ज्याचे त्याचेच ठेवलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, वय ३८, महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लग्नाला तेरा वर्षं झाली. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. खरं सांगायचं तर आमचं कधीच जमलं नाही. सासरे माथाडी कामगार होते, साताऱ्याकडचे, सासूबाईंनी सगळं फार कष्टात काढलं हे मला मान्य आहे पण त्यांचं एक वाक्य होतं ते मला आतपर्यंत टोचायचं. मी काही करायला गेले की हातातलं काढून घ्यायच्या आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणायच्या, राहू दे, सवय आहे मला. बस एवढंच. भांडण नाही काही नाही, पण त्या वाक्याने मी अकरा वर्षं रडलेय. आता मागच्या महिन्यात काय झालं, ऑफिसवरून आले, ओट्यावर सगळा पसारा, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे ती म्हणाली मम्मी मी भांडी लावू का, आणि माझ्या तोंडून निघालं, राहू दे, सवय आहे मला. सुस्काऱ्यासकट. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, आई, आत्ता आजी बोलली. ताई मला घामच फुटला. तेव्हापासून मी स्वतःवर लक्ष ठेवून आहे तर दिसतंय की झोपायच्या आधी गॅसचा नॉब मी तीनदा बघते, त्या बघायच्या तसं. नवऱ्याशी बोलताना मान तशीच वळवते. ज्या बाईचं मला काहीच घ्यायचं नव्हतं तिचंच सगळं माझ्यात कसं आलं? मी खोटं नाही बोलत पण मला स्वतःची किळस आली. वर झोप पण पुरत नाही, घरात कुणाला साधा ताप आला तरी रात्री तीन तीनदा उठून कपाळाला हात लावून बघते, सकाळी पुन्हा सात चाळीसची बस. काय करू सांगा.

उत्तर : तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आधी एक सांगते, किळस हा शब्द काढून टाका, कारण जे झालंय ते तुमच्यातल्या कुठल्या घाणीमुळे किंवा कमकुवतपणामुळे झालेलं नाही, आणि तुम्ही ते केलेलंही नाही. ते झालंय, तुमचं लक्ष नसताना.

आपल्याकडे म्हण आहेच, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण दुसऱ्याला नावं ठेवायला वापरतो पण जरा थांबून बघितली तर फार खरी आहे. पवळ्याने ढवळ्याला गुरू केलेलं नाही, त्याला तो आवडतो की नाही हे कुणी विचारलंही नाही. त्याला फक्त शेजारी बांधलं. तुम्हालाही अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात बांधलं होतं.

मानसशास्त्रात याला इंट्रोजेक्शन म्हणतात. हंगेरीच्या शान्दोर फेरेन्त्सी नावाच्या डॉक्टरने १९०९ मध्ये हा शब्द आणला, मनोविश्लेषण ज्याने सुरू केलं त्या फ्रॉइडचे सहकारी होते ते. प्रोजेक्शन आपल्याला माहिती असतं, म्हणजे आपल्या आतलं दुसऱ्यावर ढकलायचं, आपल्याला राग आलेला असतो आणि आपण म्हणतो तोच माझ्यावर चिडलाय. हे त्याच्या उलटं. बाहेरचं माणूस, त्याचा आवाज, त्याचे नियम, त्याचा सुस्कारा, हे आत येतं आणि काही दिवसांनी आपलंच वाटायला लागतं. आणि हे फक्त प्रेमाच्या माणसांचंच होतं असं नाही, उलट तुमचा जो प्रश्न आहे की नावडत्या बाईचंच कसं आलं, त्यावरच या लोकांनी सगळ्यात जास्त डोकं घातलंय.

फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड, तिने १९३६ च्या तिच्या पुस्तकात एका लहान मुलीची गोष्ट दिलीय जी मला कधी विसरता येत नाही. त्या मुलीला अंधारात घरातला हॉल ओलांडायची भीती वाटायची, भूत येईल म्हणून. मग एक दिवस ती बिनधास्त जायला लागली, फक्त जाताना हातवारे करत, विचित्र अंगविक्षेप करत जायची. आणि तिने तिच्या धाकट्या भावाला गुपित सांगितलं की घाबरायचं काही नाही, जे भूत तुला भेटेल असं वाटतं ना तेच आपण आहोत असं समजायचं. बघा, केवढीशी पोर, आणि तिला काय सापडलं. ज्याची भीती वाटते ते आपणच झालो की भीती कमी होते. तुम्ही पंचवीस वर्षांच्या असताना त्या घरात आलात, ओटा त्यांचा, मसाल्याचा डबा त्यांचा, कुठल्या पातेल्यात दूध तापवायचं ते त्यांचं, चूक झाली की सुस्कारा. तिथे निभावून न्यायला त्या बाईचा अंदाज घेत राहणं तुम्हाला भाग होतं. त्या आता काय म्हणतील हे त्या म्हणायच्या आधी तुम्हाला कळायला हवं होतं, नाहीतर दिवस गेलाच. आणि दुसऱ्याचा इतका बारीक अंदाज घ्यायचा तर त्याला डोक्यात घेऊनच फिरावं लागतं. तुम्ही त्यांना अकरा वर्षं डोक्यात घेऊन फिरलात. मग त्या गेल्या म्हणून डोक्यातून कशा जातील?

त्यात त्या गेल्या ही दुसरी गोष्ट. फ्रॉइडने १९१७ मध्ये शोकाबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गमावलेलं माणूस आपल्याला सोडवत नाही तेव्हा आपण त्याला आत घेतो, आणि जिथे नातं सरळ नसतं, माया आणि राग एकाच वेळी असतात, तिथे हे जास्त चिकटून बसतं. पुढे १९२३ मध्ये तर तो म्हणाला की हे काही आजारपणातच होतं असं नाही, सगळ्यांचंच होतं, जी माणसं आपल्याकडून सुटली त्यांचा साका खाली बसत जातो आणि त्यातूनच आपला स्वभाव घडतो. साका हा शब्द माझा आहे पण अर्थ तोच. फ्रॉइडचं सगळंच मला पटतं असं नाही, अनेक बाबतीत तो फार लांब गेलाय, पण हे मात्र मी इतक्या घरांत बघितलंय की शंका राहिलेली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही रडलात की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीये. मला वाटतं नीट रडता आलं नसेल. ज्यांच्याशी जमलं नाही त्यांच्यासाठी रडायचं कसं, लोक काय म्हणतील, आणि हायसं वाटलं असेल तर ते कुणाला सांगायचं. तेराव्यापर्यंत पाहुणे, मग बँकेची कामं, वारसाचे कागद, मुलीची शाळा. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. जे राहून गेलं त्याला जागा लागते आणि ती तुमच्यात मिळाली.

आता एक माझं स्वतःचं मत सांगते, पुस्तकातलं नाही. गुण माणसाकडून येतो तसा जागेकडूनही येतो. तुम्ही आज ज्या ओट्यापाशी संध्याकाळी सात वाजता उभ्या राहता तिथेच त्या उभ्या राहायच्या. तेच सिडकोचं घर, तेच स्वयंपाकघर, जिथे दोन माणसं एकावेळी वळू शकत नाहीत. घरातल्या सगळ्यांचं वेळेवर व्हायला पाहिजे ही जबाबदारी त्यांच्यावर होती ती त्या गेल्यावर कुणी न विचारता तुमच्यावर आली. त्या जागेवर उभं राहिलं की ते वाक्य तोंडात येतं. म्हणजे राहू दे, सवय आहे मला, हे त्यांनी तुम्हाला टोचायला शोधून काढलेलं वाक्य असेलच असं नाही. दमलेल्या बाईला मदत हवी असते पण मागता येत नाही, मागितली आणि कुणी नाही म्हणालं तर काय, त्यापेक्षा आधीच राहू दे म्हणायचं. तुम्ही परवा मुलीला ते म्हणालात तेव्हा तुम्हाला तिला टोचायचं होतं का? नव्हतं ना. तुम्ही दमला होतात. मग त्यांचं काय असेल, विचार करून बघा. मी त्यांची बाजू घेत नाहीये, तुम्ही अकरा वर्षं रडलात ते खरंच आहे आणि त्याचा हिशोब कुणी पुसू शकत नाही. पण हे वाक्य आता तुम्हाला दोन्ही बाजूंनी माहिती झालंय, ऐकणारीच्या आणि बोलणारीच्याही, आणि हे फार कमी जणींना मिळतं. जमलं तर नणंदेला किंवा गावाकडच्या एखाद्या चुलत सासूला विचारा, हे वाक्य सासूबाईंकडे कुठून आलं. बहुतेक कुणीतरी सांगेल की त्यांच्या सासूचं होतं, नाहीतर आईचं.

आणि तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही एक गोष्ट तक्रार म्हणून घातलीय, मला वाटतं तुम्ही ती लिहिताना तुमच्या लक्षात आलं नाही. घरात कुणाला ताप आला की रात्री तीनदा उठून कपाळाला हात लावून बघता. गॅसचा नॉबही तीनदाच. हा तीनचा आकडा कुणाचा आहे? मला तरी वाटतं की तापाच्या माणसाजवळ रात्री कसं उठायचं हेही तुम्ही त्याच घरात बघितलं असणार. तुम्ही आजारी होतात, बाळंतपणात किंवा तापात, तेव्हा रात्री तुमच्या कपाळाला कुणी हात लावला होता का, आठवून बघा. आठवलं तर मला कळवा, नाही आठवलं तरी कळवा. कारण आत आलेलं सगळं एकाच पोत्यात घालून फेकायचं म्हटलं तर हेही जाईल.

फ्रिट्झ पर्ल्स म्हणून एक होते, गेस्टाल्ट थेरपी ही मानसोपचाराची पद्धत ज्यांनी सुरू केली ते, त्यांनी हे जेवणाच्या भाषेत मांडलं. लहानपणी आपल्याला दात नसतात, जे भरवतील ते गिळतो. पुढे दात येतात, तेव्हा चावायचं असतं, चावलं की जे पचणारं असतं ते अंगी लागतं, नको ते थुंकता येतं. जे न चावता गिळलं जातं ते पोटात तसंच्या तसं पडून राहतं, दगडासारखं. तुमचं चावायचं राहिलंय, एवढंच. तर एकेक घास काढा. नॉब बघणं, ठेवायचं का? एकदा बघणं बरं आहे, तीनदा कशाला. मान वळवणं, नवऱ्याला विचारा त्यांना ते कसं वाटतं, कदाचित त्यांना आई आठवून बरंही वाटत असेल, सांगता येत नाही. आणि ते वाक्य, त्याच्यासाठी दुसरं वाक्य तयार ठेवा, कारण ऐन वेळी रिकाम्या तोंडात जुनंच येतं. मी सुचवू का? हो लाव गं, मी दमलेय आज. इतकंच. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड होईल, तेरा वर्षांची सवय आहे, पण म्हणा.

मुलीशी पण बोला. तिने जे ओळखलं ते अकरा वर्षांच्या पोरीने ओळखणं ही साधी गोष्ट नाही, तिला गप्प करू नका. तिला म्हणा, हो, बरोबर ऐकलंस, आजीच होती ती. मग तिला आजीची एखादी चांगली आठवण पण सांगू दे. तिला त्या तुमच्यापेक्षा वेगळ्या माहिती आहेत.

एक स्पष्ट करते, कारण अशा पत्रांत कधीकधी दुसरंही काही असतं. आपल्या तोंडून दुसऱ्याचं वाक्य निघणं वेगळं आणि गेलेल्या माणसाचा आवाज बाहेरून बोलल्यासारखा रोज कानावर येणं, तो काही करायला सांगणं, हे वेगळं. तसं होत असेल, किंवा ही किळस इतकी वाढली की खाणंपिणं झोप सगळंच सुटायला लागलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, सायकियाट्रिस्टला भेटा. टेली मानस म्हणून सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून हेच काम करतेय, कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाणं काही लांब नाही.

प्रश्न : मॅडम, मी २३ वर्षांचा आहे, लातूर जिल्ह्यातला. दीड वर्ष झालं ऐरोलीला जॉबला आहे, घणसोली गावात रूमवर राहतो, घरमालक आगरी आहेत खूप चांगले लोक आहेत. प्रॉब्लेम असा आहे की मी ज्याच्यासोबत राहतो त्याच्यासारखा होतो. मालकांच्या घरी बसून बसून मी पानी, शाला असं बोलायलोय, घरी फोन केला की आई म्हणते असं काय बोलायलास रे तू. टीम लीडरसोबत असलो की त्यांच्यासारखा हसतो, चहाचा कप पण तसाच धरतो. डोंबिवलीचा एक मित्र आहे त्याच्यासोबत एकदम वेगळा. परवा रूममेट चिडून म्हणाला तुझं स्वतःचं काही आहे का, सरडा आहेस तू. ते डोक्यातून जात नाही. मागच्या आठवड्यात टीम लीडर ऑफिस बॉयची नक्कल करत होते सगळे हसत होते मी पण केली नक्कल, नंतर वाईट वाटलं. मी नक्की कोण आहे?

उत्तर : तू वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करते. रूममेटने सरडा म्हटलं ते मनाला लावून घेऊ नकोस, गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनीही याला सरड्याचंच नाव दिलंय. कमिलियन इफेक्ट. १९९९ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ज यांनी प्रयोग केला, दोन अनोळखी माणसांना शेजारी बसवून फोटोंचं वर्णन करायला लावलं, त्यातला एक त्यांचाच माणूस होता, तो कधी चेहरा चोळायचा, कधी पाय हलवायचा. दुसराही तसंच करायला लागला. नंतर विचारलं तर त्याला काही माहितीच नव्हतं. पुढच्या प्रयोगात त्यांच्या माणसाने समोरच्याच्या हालचाली हळूच उचलल्या, तर समोरच्याला तो माणूस जास्त आवडला. आणि हे कुणात जास्त दिसलं माहितीय? ज्यांना दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करायची सवय असते त्यांच्यात. म्हणजे चहाचा कप तसा धरणं हा तू कुणी नसल्याचा पुरावा नाही, तू माणसांकडे नीट बघतोस याचा आहे.

भाषेचं तर विचारूच नकोस. लातूरहून येऊन आगरी घरात दीड वर्ष जेवलास आणि तुझ्या जिभेवर पानी आलं नसतं तर मला नवल वाटलं असतं. आपण ज्यांच्या जवळ जाऊ बघतो त्यांच्यासारखं बोलायला लागतो, हॉवर्ड जाइल्स नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून यावरच काम केलंय. मालकांच्या आजींना त्यांच्या ळ चा ल करून हाक मारतोस ते त्यांना आवडत असणार. ही मूळची इथल्या भूमिपुत्रांची बोली आहे, नवी मुंबई व्हायच्या आधीपासूनची, ती तुझ्यात थोडी राहिली तर तुझं काही कमी होणार नाही. आईला सांग, घरी आलो की पुन्हा बोलायलोय वर येतो. येशीलच, सुट्टीत दोन दिवसांत येशील, बघ.

पण तुझ्या पत्रातलं मला जे खटकलं ते तू सगळ्यात शेवटी आणि घाईत लिहिलंस. तो ऑफिस बॉय. कप धरणं अंगात आलं, हसणं आलं, आणि त्याच वाटेने दुसऱ्याला तुच्छ लेखणंही आलं. वाट एकच आहे, तिच्यावर वॉचमन नाही, म्हणून काय आत येतंय ते तुलाच बघावं लागणार. आणि तू बघितलंस, नंतर वाईट वाटलं असं तू लिहिलंयस, कुणी सांगितलं नव्हतं तरी वाटलं. टीम लीडरला वाटलं नाही, बाकी टीमलाही वाटलं नसेल, तुला वाटलं. मी नक्की कोण असं विचारतोस ना, तर ज्याला वाईट वाटलं तो तू. भाषेची काळजी सोड, त्या मुलाची कर. तो तुझ्याएवढाच असेल, कदाचित तोही गावाहून आला असेल, कदाचित त्याचीही आई फोनवर म्हणत असेल असं काय बोलतोस. त्याच्याशी एकदा नीट बस, चहा घे, माफी मागायची तर साध्या शब्दांत माग. पुढच्या वेळी नक्कल सुरू झाली की मोठं भाषण द्यायची गरज नाही, तुझी नोकरी नवीन आहे मला कळतं, पण हसू नकोस. नुसतं न हसणं तुला जड जाईल कारण तुझं अंग सगळ्यांबरोबर हसायला तयारच असेल. पाय जमिनीवर दाबून धर, पाण्याची बाटली भरायला उठ, काहीही कर. इथे सरडा व्हायचं नाही.

प्रश्न : नेरुळहून लिहितोय. मुलगा सहा वर्षांचा. माझं काम लॉजिस्टिकचं, दिवसभर फोन चालू असतो, ड्रायव्हर लोकांशी आवाज चढवावा लागतो. परवा माझ्या आईने मुलाला दोनदा जेवायला बोलावलं तर तो तिच्यावर ओरडला, एकदा सांगितलं ना, डोकं नाहीये का तुला. आई रडली. मी त्याला एक ठेवून दिली आणि विचारलं कुठून शिकलास हे. तो काहीच बोलला नाही. बायको म्हणते विचारतोस काय. शाळेतून शिकला असेल का?

उत्तर : तुमच्या पत्नी बरोबर बोलतायत. हे वाक्य तो तुमच्याकडून शिकलाय, आणि ते तुम्हालाही माहितीय असं मला वाटतं, नाहीतर ड्रायव्हरचा उल्लेख पत्रात आला नसता.

१९६१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांडुराने ७२ लहान मुलांवर प्रयोग केला होता. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने मारलं, लाथा घातल्या, वर तोंडाने बोलत होता. नंतर मुलांना खेळण्यांबरोबर सोडलं तर ज्यांनी ते बघितलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी तसंच मारलं, आणि शब्दही तेच वापरले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, फक्त समोर झालं होतं. तुमच्या घरात ते रोज समोर होतं, फोनवर का असेना. सहा वर्षांच्या पोराला पलीकडचा ड्रायव्हर दिसत नाही, त्याला फक्त बाबा दिसतात.

पण मला आणखी एक सांगायचंय आणि ते जास्त महत्त्वाचं वाटतं. व्हिएन्नात ऑगस्ट आयकहॉर्न म्हणून शिक्षक होते, त्यांच्याकडे एका मुलाची तक्रार आली, मास्तर रागावले की हा वेडीवाकडी तोंडं करतो, वर्ग हसतो. आयकहॉर्ननी दोघांना समोरासमोर बसवून बघितलं तर मुलाचं तोंड म्हणजे मास्तरांच्याच रागावलेल्या चेहऱ्याची नक्कल होती. तो चिडवत नव्हता. तो घाबरला होता, आणि ज्या चेहऱ्याची भीती वाटत होती तो नकळत स्वतःच्या तोंडावर घेत होता. वर कोपरखैरण्याच्या ताईंना भुताची गोष्ट सांगितलीय ती वाचा, तीच गोष्ट आहे ही. म्हणून मला विचारायचंय, तुमच्या मुलाला तुमच्या त्या आवाजाची भीती वाटते का? फोन आला की तो काय करतो, दुसऱ्या खोलीत जातो का, टीव्हीचा आवाज वाढवतो का? दोन दिवस नुसतं बघा.

आणि थप्पड. कुठून शिकलास हे विचारत तुम्ही त्याला मारलंत, तेव्हा तो गप्प राहिला, कारण बाबा, तुमच्याकडून, हे उत्तर सहा वर्षांचं मूल देऊ शकत नाही. त्याला जवळ घेऊन तुम्हीच ते उत्तर द्या. म्हणा, हे तू माझं ऐकलंस, माझं चुकतं, मी आता फोनवर असं बोलणार नाही. मग खरंच बोलू नका. ड्रायव्हर लोकांना आवाज चढवावाच लागतो असं तुम्ही लिहिलंय, मला ते पटत नाही, रात्रभर घाटात गाडी चालवून आलेल्या माणसालाही साध्या आवाजात सांगितलेलं कळतं. सुरुवातीला जमत नसेल तर फोन आला की खाली सोसायटीच्या आवारात जाऊन बोला, पण तो तात्पुरता उपाय आहे.

आधी मात्र आईंकडे जा. नातवाने सॉरी म्हणावं म्हणून त्याला ढकलू नका, तुम्ही जा, तो घरात असताना, त्याला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात म्हणा की आई, ते वाक्य माझं होतं. आणि त्या काय म्हणाल्या ते मला पुढच्या महिन्यात लिहा.